पेटीला न आलेली मींड

'शोले'मध्ये संध्याकाळ झाली की राधा हवेलीतले दिवे एकेक करून मालवते आणि समोर बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवतो. दोघांत एक शब्दही होत नाही. १९७५पासून आजतागायत आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटलं की बहुतेकांना हे दृश्य आठवतं. धून राहुलदेव बर्मन यांची, वाजवली भानू गुप्तांनी. त्याआधी १९५८च्या 'सोलवा साल'मध्ये देव आनंद लोकलच्या डब्यात 'है अपना दिल तो आवारा' गातो, तेव्हाचा माउथ ऑर्गन खुद्द राहुलदेव यांचा, वडिलांच्या संगीतात. १९६४च्या 'दोस्ती'त कुबड्या घेऊन चालणारा रामू माउथ ऑर्गन वाजवतो आणि अंध मोहन गातो. पडद्यामागे तिथेही राहुलदेवच, संगीत मात्र लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं.

तिन्ही ठिकाणी वाजलंय सुंदर. पण या तिन्ही ठिकाणी माउथ ऑर्गन एक खूण म्हणून येतो. खिशात मावणारं, फुकट फिरणाऱ्या पोराचं वाद्य. ते दिसलं की समजायचं, हा मुलगा मोकळा आहे, एकटा आहे, किंवा मनातलं बोलता येत नाहीये. सुरांकडून मात्र फारसं काही मागितलेलं नाही. एक प्रयोग करून पाहा. जयच्या हातातला माउथ ऑर्गन काढून बासरी द्या. दृश्याची गंमत जाईल, कारण डाकूंशी लढायला आलेला भाडोत्री चोर बासरी वाजवताना विनोदी दिसेल. पण धून शाबूत राहील. ती सरळ सुरांवरून चालते आणि ते सूर कुठल्याही वाद्यात आहेत.

लिटल वॉल्टरच्या 'ज्यूक'वर हाच प्रयोग करता येत नाही. १९५२ साली शिकागोत ध्वनिमुद्रित झालेली ही शब्दांविना रचना बासरीवर वाजवली तर तिचा सांगाडा तेवढा उरतो. गेली काही वर्षं मी ब्लूज हार्मोनिका शिकतोय. काष्टीत, श्रीगोंदा तालुक्यात, घरी बसून सॉफ्टवेअरची नोकरी करता करता. या शिकण्यातून मला पडलेला प्रश्न असा : जे वाद्य शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जवळपास एकाच वेळी मिसिसिपीत आणि मुंबईत पोचलं, ते तिथे रडायला, ओरडायला, भांडायला शिकलं आणि आपल्याकडे शीळ घालण्यापुरतंच का राहिलं?

उत्तराचा एक भाग निव्वळ यांत्रिक आहे आणि माझ्या शिक्षणामुळे मला तो आधी दिसतो. आपल्याकडे जत्रेत, खेळण्यांच्या किंवा वाद्यांच्या दुकानात जो माउथ ऑर्गन मिळतो, तो बहुधा ट्रेमोलो जातीचा. चोवीस भोकांचा, दोन ओळींचा. त्यात एका सुराला दोन रीड असतात, एकमेकींपेक्षा किंचित वेगळ्या लावलेल्या, त्यामुळे सूर थरथरतो. कानाला गोड लागतं. पण यातली प्रत्येक रीड आपापल्या वेगळ्या खणात असते. ब्लूजवाल्यांचा दहा भोकांचा डायटॉनिक हार्मोनिका वेगळा. त्याच्या प्रत्येक छिद्रामागे एकच खण आणि त्या खणात दोन रीड : एक फुंकल्यावर वाजणारी, एक श्वास ओढल्यावर वाजणारी. शेजार असल्यामुळे त्या एकमेकींच्या कारभारात ढवळाढवळ करू शकतात. तिसऱ्या छिद्रातून श्वास ओढताना जीभ मागे खेचून तोंडातली पोकळी बदलली की ओढायची रीड हळूहळू माघार घेते, फुंकायची रीड वाजू लागते आणि सूर खाली घसरतो. कुठपर्यंत? फुंकायच्या रीडच्या सुराच्या जेमतेम वरपर्यंत. दोन रीडमध्ये जेवढं अंतर, तेवढा उतार. पाचव्या छिद्रात दोन्ही सूर अगदी लागून असतात, म्हणून तिथे घसरायला जवळजवळ जागाच नाही. तिसऱ्यात मात्र पूर्ण दीड स्वर खाली जाता येतं. याला बेंड म्हणतात. मराठीत मी वाक म्हणेन, म्हणजे सूर वाकवणं.

ट्रेमोलोत शेजारच नसल्याने हा वाक येत नाही. बटण असलेल्या क्रोमॅटिक हार्मोनिकात बाराही सूर तयार मिळतात, म्हणून तिथे त्याची तेवढी गरजच पडत नाही. म्हणजे आपल्या बाजारात जे आलं ते वाकणारं नव्हतं, आणि स्टुडिओत चोख नोटेशन वाजवणाऱ्या वादकाला वाकवण्याची निकड नव्हती.

पण एवढ्यावर सोडून दिलं तर ते इंजिनिअरचं उत्तर झालं. वाद्य वाकत नाही म्हणून आपण गप्प बसतो असं नाही. हार्मोनिकाची थोरली बहीण, म्हणजे बाजाची पेटी, आपल्याकडे गावोगाव आहे. दोन्हींचं तत्त्व एकच : हवेच्या झोताने थरथरणारी पितळी जीभ. पेटीवरचा आपल्याकडचा सगळ्यात जुना आरोप हाच, की तिला मींड येत नाही. षड्जावरून गंधारावर जाताना गळा मधली सगळी जमीन तुडवत जातो, पेटी उडी मारते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली आणि ती तीन दशकं टिकली. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नकोशी होती. महाराष्ट्राने या बंदीला मनावर घेतलं नाही असं म्हणायला हरकत नाही. गोविंदराव टेंब्यांनी स्वतंत्र वादनाला प्रतिष्ठा दिली, नाट्यसंगीत पेटीशिवाय उभं राहिलं नसतं, आणि कीर्तन-भजनाची तर गोष्टच सोडा. आमच्या पेटीवाल्यांनी मींडीचा आभास निर्माण करण्याच्या युक्त्या शोधल्या. एक पट्टी पूर्ण सुटायच्या आत दुसरी धरायची, भात्याचा दाब कमी-जास्त करायचा, कणांचा शिडकावा करायचा. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. तीही तक्रारीला दिलेलं उत्तरच आहे, पण त्या उत्तरात सुरांच्या जागा वाढतात. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायचा रस्ता तयार होत नाही.

आता पलीकडे काय झालं ते पाहा. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात माथियास होनरने १८५७ साली हार्मोनिका बनवायला घेतला आणि त्याचा माल अमेरिकेत बोटी भरून गेला. रचना जर्मन लोकगीतांसाठी : फुंकलं की सा-ग-पचा सुखी मेळ, ओढलं की त्याला पूरक असा दुसरा मेळ. खालच्या सप्तकात काही सूर तर ठेवलेलेच नाहीत, कारण तिथे फक्त साथीची घरघर अपेक्षित होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या वादकांनी हे वाद्य उलटं धरलं. शब्दशः उलटं नव्हे, सुरांच्या हिशोबात. फुंकण्याचा सूर षड्ज मानायच्या ऐवजी त्यांनी ओढण्याचा सूर षड्ज मानला.

आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकचा हार्मोनिका घ्यायचा आणि पांढरी पाचात वाजवायचा. वाद्याच्या पंचमावर सा ठेवायचा. ही मूर्च्छनेचीच कल्पना आहे. बिलावलच्या सुरांत पंचमाला षड्ज केलं की निषाद कोमल होतो आणि खमाज थाट हातात येतो. इंग्रजी धडे 'सेकंड पोझिशन' आणि 'क्रॉस हार्प' असे शब्द वापरतात, त्यांच्यासोबत वर्तुळाकार तक्ते दाखवतात आणि शिकणाऱ्याला घाबरवून सोडतात. आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका आहेत. त्यांनी विचारलं, "ह्ये कुठल्या पट्टीतलं हाय?" मी म्हटलं, "पांढरी एकचं, पण वाजवतोय पांढरी पाचात." त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी पंचमाला सा धरला. मंग तुझा निषाद कोमल यायचा." आला होताच. मग मी तिसऱ्या छिद्रातला गंधार ओढून खाली वाकवला. ते थांबले, पुन्हा वाजव म्हणाले, आणि मग म्हणाले, "आता ह्ये पेटीत न्हाई यायचं."

या एका वाक्यात ब्लूज हार्मोनिकाचं निम्मं समीक्षण आहे असं मला वाटतं. ज्या उणिवेपायी पेटीला रेडिओबाहेर बसवलं, तीच उणीव तिच्या धाकट्या बहिणीत, तिच्याहून स्वस्त आणि किरकोळ समजल्या गेलेल्या वाद्यात, श्वासाने भरून काढली गेली. ती भरून काढणारे कारखानदार नव्हते, संगीतशास्त्री नव्हते. ओढून वाजवायचं ठरवल्यावरच हे शक्य झालं, कारण खालच्या सहा छिद्रांत ओढायचा सूर फुंकायच्या सुराच्या वर असतो आणि म्हणून तोच वाकतो. ब्लूज हा मुख्यतः आत घेतलेल्या श्वासावर वाजतो. गाणारा श्वास सोडून गातो, बासरीवाला सोडून वाजवतो. इथे आवाज उमटतो तो हवा छातीत येताना. शिकताना पहिले काही आठवडे छाती फुगून येते आणि हवा टाकायची कुठे हा प्रश्न पडतो. तरीही हेच काम श्वास न कोंडता करायचं असतं.

इथून माझी खरी तक्रार सुरू होते, ती शिकवण्याच्या आजच्या पद्धतीबद्दल. इंटरनेटवर हार्मोनिकाची कुठलीही चाल 'टॅब' नावाच्या लिपीत मिळते. छिद्राचा आकडा लिहायचा, ओढायचं असेल तर आधी वजाचं चिन्ह, वाकवायचं असेल तर पुढे एक, दोन किंवा तीन टिंबं किंवा रेघा. वजा तीन, एक रेघ. संगणकावर काम करणाऱ्याला ही लिपी फार आवडते, कारण ती विदा आहे. ती साठवता येते, तपासता येते, चूक-बरोबर ठरवता येते. जोडीला मोबाइलवर सूर मोजणारी ॲप आहेत. तुम्ही वाकवता, सुई सरकते, कोमल गंधाराच्या रेघेवर आली की हिरवी होते.

आता ब्लूजमधला गंधार कुठे असतो? शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी, आणि तोही स्थिर नसतो. वादक शुद्धाजवळून निघून कोमलाकडे झुकतो, किंवा खालून चढत येऊन वर पोचायच्या आत सोडून देतो. ॲपच्या लेखी ही चूक आहे, सुई लाल. टॅबच्या लेखी हा एकतर शून्य रेघांचा सूर आहे किंवा एका रेघेचा. मधल्या जमिनीला आकडाच नाही. म्हणजे पेटीवर जो आरोप होता, की ती जागा देते आणि रस्ता देत नाही, तो आता शिकवण्याच्या लिपीला लागू पडतो. वाद्याला वाकता येतं, लिपीला येत नाही. आणि लिपीतून शिकलेली माणसं अशी वाजवतात की हार्मोनिका पुन्हा पेटी होतो. असंख्य हौशी वादकांचे व्हिडिओ ऐकून हे म्हणतोय. सूर बरोबर, आकडे बरोबर, वाक रेघेवर आलेला, आणि ऐकताना हिशेब तपासल्यासारखं वाटतं.

दरबारीच्या आंदोलित गंधाराची आठवण इथे होईल, पण ती तुलना फार ताणू नये. दरबारीचा गंधार रागाच्या व्याकरणात बसलेला आहे, त्याची झुलण्याची पद्धत परंपरेने ठरवून दिली आहे. ब्लूजच्या गंधाराखाली गिटार बऱ्याचदा शुद्ध गंधाराचा मेळ वाजवत असते. म्हणजे खाली एक सूर म्हणतोय 'हे असं आहे' आणि वर दुसरा त्याच्यावर घासत राहतो. त्यातली खुमारी या घर्षणात आहे. आपल्या तानपुऱ्यावर हा गंधार एकटा वाजवला तर तो नुसता बेसूर वाटण्याची शक्यता जास्त. बारा मात्रांच्या नव्हे, बारा मापांच्या त्या चक्रात जेव्हा मेळ मध्यमावर जातो, तेव्हा तोच कोमल गंधार अचानक हक्काचा होतो, कारण मध्यमाच्या त्या मेळाचा तो स्वतःचा कोमल निषाद असतो. चार मापांपूर्वी जो सूर तक्रार करत होता तो आता घरी आल्यासारखा वाटतो. सूर तसाच, खालची जमीन बदलली. ही गोष्ट मला कुठल्याही टॅबने सांगितली नाही.

'ज्यूक'कडे येतो. लिटल वॉल्टर तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदात तो हार्मोनिका वाजवायचा आणि ही चाल ते कार्यक्रमात वाजवत असत. चेकर कंपनीने ती वॉल्टरच्या नावाने काढली आणि बिलबोर्डच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत ती आठ आठवडे पहिली राहिली. हार्मोनिका पांढरी सहाचा, वाजवलाय पांढरी तीनात. मजा अशी की मुखडा जवळजवळ सरळ सुरांचाच आहे. सा, ग, प, ध करत वरच्या सापर्यंत चढणारी एक छोटी शिडी, आणि ती पुन्हा पुन्हा. ब्लूज म्हणजे दुःख असं घोकून आलेल्याला हा मुखडा गोंधळात टाकतो. तो टवटवीत आहे, जवळजवळ उद्धट आहे. नाचायला लावणारा आहे. वाक नंतर येतो, थोडा, आणि जिथे येतो तिथे मुखड्याच्या त्या सरळपणामुळे जास्त जाणवतो. सगळंच वाकवून टाकणाऱ्या नवशिक्यांनी हे ऐकावं, मीही ऐकतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. वॉल्टरने साधा माइक हार्मोनिकाबरोबर दोन्ही तळव्यांत धरला आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये सोडला. तळवे बंद केले की आवाज जाड, उघडले की मोकळा. ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे ढकलला की आवाज फाटतो, आणि हा फाटलेला आवाजच त्याला हवा होता. आमच्याकडे लग्नाच्या मांडवातला कर्णा फाटला की कोणीतरी वायर हलवायला धावतं. वॉल्टरने ती फाट वाद्याचा भाग केली. खिशातल्या वाद्याला त्याने सॅक्सोफोनएवढं अंग दिलं. १९६८ साली, अडतिसाव्या वर्षाच्या आत, एका मारामारीनंतर तो गेला.

मडीच्या गाण्यांत वॉल्टर साथ करतो ती ऐकण्यासारखी आहे, आणि पेटीची साथ कानात असलेल्या मराठी श्रोत्याला त्यातला फरक लगेच कळेल. ख्यालातली पेटी गायकाच्या पाठोपाठ चालते, त्याने काढलेली ओळ पुसट रेघेने गिरवते. वॉल्टर गिरवत नाही. मडीने ओळ संपवली की जी जागा मोकळी राहते तिथे तो बोलतो, कधी हो म्हणतो, कधी टोमणा मारतो. ब्लूजच्या कडव्यात ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं अशी बांधणी असते, आणि प्रत्येक ओळीनंतर जाणूनबुजून मोकळी जागा ठेवलेली असते. तिथे साथीदाराला मत असतं. सिनेमातल्या माउथ ऑर्गनला नेमकं हे मिळालं नाही. 'दोस्ती'त रामू आणि मोहन दोघे जिवाभावाचे मित्र, पण गाण्यात माउथ ऑर्गन आधी आणि मधे वाजतो आणि मोहन गाताना अदबीने बाजूला होतो. दोघांचं संभाषण व्हायला त्याहून चांगली गोष्ट कुठे मिळाली असती?

शिकवणाऱ्यांपैकी एक माणूस या टॅबच्या सापळ्यातून बऱ्यापैकी सुटलाय, तो म्हणजे ॲडम गसो. गोरा, न्यूयॉर्कचा, पुढे मिसिसिपी विद्यापीठात प्राध्यापक. १९८६पासून हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर तो स्टर्लिंग मगी या काळ्या वादकाबरोबर फुटपाथवर वाजवत होता. मगी स्वतःला मिस्टर सेटन म्हणवून घ्यायचा. २००७पासून गसोने यूट्यूबवर फुकट धडे टाकायला सुरुवात केली. जुन्या वादकांनी मुठीत ठेवलेल्या युक्त्या त्याने जगापुढे मांडल्या. आपल्याकडच्या घराणेदार मंडळींना यात काय धोका आहे ते लगेच कळेल. काष्टीसारख्या गावात, जिथे जवळपास ब्लूज वाजवणारं कोणी नाही, तिथे हे धडे नसते तर माझं शिकणं अशक्य होतं. त्याच्या धड्यांची गंमत अशी की तो पायाने ठेका धरायला लावतो, रेकॉर्ड ऐकायला पिटाळतो, आणि सूर सांगता सांगता तो कुठून आला हे सांगायचं सोडत नाही.

त्याचं २०२०चं 'हूज ब्लूज?' हे पुस्तक मात्र मला अर्धंच पटलं. ब्लूज कोणाचा, यावर तो दोन पक्ष समोरासमोर उभे करतो. एक म्हणतो, हे काळ्यांचं संगीत आहे, त्यांच्या इतिहासातून आलेलं, बाकीच्यांनी हात लावताना हे विसरू नये. दुसरा म्हणतो, ब्लूज आता सगळ्या जगाचा, त्याला रंग नाही. गसो दोन्हींतली अडचण प्रामाणिकपणे दाखवतो, आणि स्वतः कुठल्या बाजूला उभं राहिल्याने आपल्याला काय मिळालं हेही झाकत नाही. पण त्याची बैठक अमेरिकी आहे आणि तिथे खुर्च्या दोनच रंगांच्या आहेत. माझ्यासारख्याला दुसरा पक्ष ताबडतोब आत घेईल : या, तुम्हीही सोसलंय, दुःख सगळीकडे सारखंच. हा पास फार स्वस्तात मिळतो म्हणून मला तो नको वाटतो.

कारण सांगतो. आमचा भाग उसाचा. दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात, आणि पट्टा पडेपर्यंत माणसं तिथे राहतात. त्यांनी मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. मिसिसिपीतला वाटेकरी कापूसवाला मालकाच्या दुकानातून उधारीवर बी आणि पीठ उचलायचा आणि वर्षअखेर हिशोबात पुन्हा देणेकरी निघायचा. दोन्ही व्यवस्था सारख्या नाहीत, पण कर्जाने माणूस बांधून ठेवायची कल्पना ओळखीची आहे. या तुलनेत मी कुठे उभा? माझं घर ऊस लावणाऱ्यांचं आहे. आमच्या घरात कोयता नाही. दुःख सारखंच, असं म्हणत मी त्या तुलनेत शिरलो तर कापूस वेचणाऱ्याच्या जागी नाही, मालकाच्या व्हरांड्यात जाऊन पोचतो. गसोच्या पुस्तकात व्हरांड्यात बसलेला आणि तरीही गोरा नसलेला असा माणूस नाही.

महाराष्ट्रात काळ्या अमेरिकेचा आवाज ज्यांनी खरोखर ऐकला ते वेगळे होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावापासूनच ब्लॅक पँथरशी नातं सांगत. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीला त्या समाजाचं राजकारण आणि साहित्य आपलं वाटलं. ब्लूजचा सूर मात्र महाराष्ट्रात प्रामुख्याने दुसऱ्या दारातून आला, रेकॉर्ड विकत घेऊ शकणाऱ्यांच्या. २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव होऊ लागला. पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन वाजवून गेला. लुइझियानातल्या वाटेकऱ्याचा हा मुलगा, लहानपणी कापूस वेचलेला, आणि मंच ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपनीचा. टोमणा म्हणून सांगत नाही, आमच्या शेतातही ट्रॅक्टर चालतो. मडी वॉटर्स स्वतः स्टोव्हॉलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवत होता. १९४३ साली तो शिकागोला गेला, आणि पुढच्याच वर्षी जवळच्या हॉप्सनच्या मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं यंत्राने केलेलं कापसाचं पीक निघालं. माणसांची गरज संपत गेली आणि ती शहराकडे निघाली. वॉल्टरचा फाटका, विजेवरचा आवाज या स्थलांतराच्या शहरातला आहे. आमच्याकडे आता ऊसतोडणीची यंत्रं फडात दिसू लागली आहेत. टोळ्यांचं पुढे काय होणार, हे कारखान्याच्या सभेत कोणी विचारताना मी ऐकलेलं नाही.

मग मी वाजवायचं काय? दुसऱ्याचं दुःख पांघरायचं नसेल तर तंत्र तरी नीट शिकावं, आणि ते कोणाचं आहे हे नाव घेऊन सांगावं, इथवर मी आलोय. त्यात सगळ्यात जवळचं वाटलं ते रेल्वेचं. हार्मोनिकावर आगगाडी काढणं ही काळ्या वादकांची जुनी परंपरा. डेफर्ड बेलीने १९२७ साली 'पॅन अमेरिकन ब्लूज'मध्ये अख्खी गाडी धावत आणली, एकट्याने, शब्दांविना. ओढा-सोडा, ओढा-सोडा हा वाद्याचा मूळ स्वभावच इंजिनाचा आहे. आम्ही दौंड-मनमाड मार्गावरचे, गाडी कानात आहे. पण आमच्या इंजिनांचे भोंगे वेगळे, आणि सुरांचा तो मेळ वाद्यावर अजून सापडलेला नाही.

त्याहून अवघड सॉनी टेरी. दृष्टी गेलेला हा वादक एक सूर ओढायचा आणि सोडताना वाद्य तोंडावरून काढून स्वतःच्या गळ्याने हुंकार द्यायचा, इतक्या झटपट की कुठला आवाज पितळेचा आणि कुठला माणसाचा हे कळू नये. टॅबमध्ये या जागी रिकामा कंस असतो. इथे आकडा नाही, इथे तुम्ही ओरडायचं. मी टेरीचा हुंकार जसाच्या तसा काढला तर ती नक्कल होते आणि ऐकायला वाईट लागते. पेटीवाल्या काकांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "तिथं तमाशातल्या झिलकऱ्यावाणी जी-जी टाक की." टाकून पाहिलं. ताल बसतो. श्वास पुरत नाही.